चौथा पिस्टन

नऊ मे १९९९, रविवार सकाळ. रक्कम रुपये अठरा हजार चारशे, म्हणजे सोसायटीच्या जनरेटरचं जुनं डिझेल इंजिन पुन्हा बांधायला मिस्त्रीने दिलेला अंदाज. ठिकाण वारज्यातल्या आमच्या इमारतीचं पार्किंग. हजर: अध्यक्ष, खजिनदार या नात्याने मी, हडपसरहून आलेला मिस्त्री, वॉचमन गजानन आणि त्याची बायको मंदा, आणि समितीवर नसूनही ज्यांच्यावाचून त्या दिवशी काम सुरू होऊ शकत नव्हतं ते तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. चिटणीस मुलांना घेऊन खडकवासल्याला गेले होते, म्हणून गैरहजर.

विषय एकच होता. इंजिन कोणामुळे गेलं? मिस्त्री म्हणत होता, ऑइल नव्हतं. ऑइल बघायचं काम गजाननचं. म्हणून अध्यक्षांनी ठराव घरूनच लिहून आणला होता: गजाननला काढावं, त्याचा पगार अडकवावा, आणि पंपाशेजारची खोली महिनाअखेर रिकामी करून घ्यावी. गजानन यवतमाळकडचा. पुण्यात त्या खोलीखेरीज त्याचं काहीच नव्हतं, आणि मंदाला तेव्हा सातवा महिना होता. ठरावावर माझी सही तेवढी राहिली होती. मी म्हटलं, आधी तिसऱ्या मजल्यावरच्यांना पिस्टन बघू द्या, मग सही करतो.

मुलं त्यांना पिस्टनकाका म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि ते चिडत नसत. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते नुकसान ठरवायच्या विभागात होते. गिऱ्हाइकाचं इंजिन हमीच्या मुदतीच्या आत बंद पडलं की त्याचे पिस्टन यांच्या टेबलावर यायचे, आणि चूक कंपनीची की वापरणाऱ्याची, हे ते ठरवायचे. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा पहिल्याच खेपेला बाहेर पडले. का, असं मी विचारलं होतं.

"फोटो बघून निकाल द्या म्हणाले. अहो, मुलगी बघायला गेलेल्यांचंसुद्धा फोटोवर भागत नाही."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन बंगलोरला. उंच, वाकलेले, दोन्ही हातांच्या नखांत काळी रेघ, जी निवृत्तीनंतरही गेली नव्हती. सगळ्यांना 'अहो' म्हणायचे. पार्किंगमधल्या कुत्र्यालासुद्धा "अहो, सरका जरा" म्हणताना मी ऐकलंय.

त्यांच्याबरोबर बसणं फारसं सुखाचं नसे, कारण ते माणसाकडे बघतच नसत. माणसाने वापरलेल्या वस्तूकडे बघत. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा दारातल्या माझ्या चपला उलट्या करून बघितल्या आणि म्हणाले, "डावा गुडघा दाखवून घ्या." वर्षभराने डॉक्टरनेही तेच सांगितलं. मग स्वयंपाकघरात डोकावून कुकरचं झाकण प्रकाशाकडे धरलं आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, आपण शिट्ट्या मोजत नाही. आपण फोनवर असता."

"मोजते की!" ती म्हणाली.

"मग कुकर खोटं बोलतोय. असेल बापडा."

ते गेल्यावर ती म्हणाली, "यांना परत बोलावलंत तर कुकर त्यांच्याच घरी पाठवीन." पण तेव्हापासून ते येणार असले की ती भांडी कपाटात बंद करून ठेवी. हसत करायची, पण करायची.

त्यांच्या घरी मी गेलो तो मेंटेनन्सची पावती द्यायला. हॉलमध्ये भिंतभर शोकेस होती. इतरांच्या शोकेसमध्ये काचेचे ग्लास आणि बाहुल्या असतात, यांच्यात पिस्टन होते. वीसेक असतील. कारखान्याने भंगारात काढलेले, त्यांनी रीतसर पैसे भरून घेतलेले. लहान मोठे, पण सगळे आडवे ठेवलेले, आणि सगळ्यांची डोकी भिंतीकडे. आम्हाला दिसत होत्या त्या फक्त पोकळ पाठी.

"तोंडं तिकडे का?" मी आपलं सहज विचारलं.

"उगाच बघत बसतात," ते म्हणाले, आणि पावती तपासू लागले.

दर शनिवारी सकाळी त्यांच्या घरातून एक आवाज येई. ते एकेक पिस्टन दोरीला टांगत आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने त्यावर हलकेच मारत. न तडकलेला पिस्टन घंटेसारखा वाजतो, आणि वाजत राहतो. तडकलेला नुसता 'ठप्प' म्हणतो. याला ते मोजणी म्हणत. टण्ण, टण्ण, ठप्प, टण्ण. आमचा फ्लॅट बरोबर खाली होता. पहिले काही महिने मी कान देऊन ऐकत असे. मग सवय झाली, आणि एखाद्या शनिवारी ते गावाला गेले असले की चुकल्यासारखं वाटे. फक्त एकदा, ते बंगलोरला मुलीकडे गेलेले असताना, शनिवारी सकाळी बायको चहाचा कप हातात धरून थांबली आणि छताकडे बघू लागली. मी विचारलं काय झालं. "काही नाही," ती म्हणाली, "मला वाटलं ते आले." ते त्यानंतर आठवड्याने आले.

मी हिशेबाचा माणूस आहे. जे ऐकलं ते बायकोने ऐकलं, मी नाही, एवढीच नोंद करतो.

शोकेसमध्ये टोकाला एक मोठा पिस्टन होता. तो ते कधी वाजवत नसत. त्याची हकीकत त्यांनी मला एका दुपारी सांगितली, खिडकीशी उभं राहून, शोकेसकडे पाठ न करता. तिच्याकडे पाठ करून ते कधी बसत नसत, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

पिस्टन एका मालट्रकचा होता. त्यांची पद्धत अशी की आधी धातू बघायचा, माणसाचं म्हणणं सगळ्यात शेवटी ऐकायचं. त्यामुळे ट्रक कोणाचा, कुठे बंद पडला, काही वाचलेलं नव्हतं. पिस्टन हातात घेतला. ऑइल संपलेलं दिसत होतं, त्यात विशेष नव्हतं. "पण अहो, ऑइल संपलं की इंजिन ओरडतं. बहिऱ्यालासुद्धा हादरे कळतात. माणूस घाबरून पाय उचलतो. पाय उचलला की धातूवर कळतं. आधी जोरात घासल्याची खूण, मग हलकी. इथे हलकी नव्हतीच. पार शेवटपर्यंत पूर्ण जोर. पाय कोणी उचललेलाच नाही."

त्यांनी कारकुनाला विचारलं, चालक हयात आहे का? कारकून चकित झाला. चालकाला स्टिअरिंगवरच हृदयविकाराचा झटका आला होता. ट्रक चढावर एका टेकाडाला टेकून उभा होता, गिअर निसटलेला, चाकं थांबलेली, आणि इंजिन तसंच फुल रेसवर चालू, ऑइल गळून संपेपर्यंत. क्लीनर नव्हता. रस्त्याला कोणी नव्हतं.

"मी त्याच्यावर 'वापरणाऱ्याची चूक' असा शिक्का मारला," ते म्हणाले. "नियमाने तोच बसत होता. मेलेल्या माणसाने पाय उचलला नाही, ही त्याची चूक."

मी विचारलं, "तो वाजवत का नाही मग?"

"तो वाजवला तर उत्तर द्यावं लागेल," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

आता जनरेटरचं. आमच्याकडे तेव्हा निम्मे फ्लॅट संगणकवाल्यांचे होते. त्यांना रात्री अमेरिकेशी बोलायचं असे, आणि सन दोन हजार उजाडताना सगळे संगणक बंद पडणार म्हणून ते आधीच घाबरलेले असत. त्यात गुरुवारी वीज जाणार हे ठरलेलं. त्यांनी सभेत आरडाओरडा करून जनरेटर मंजूर करून घेतला. नवा परवडेना, म्हणून हडपसरच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा चार सिलिंडरचा जुना सेट घेतला. तो चालवायचं गजाननला पिस्टनकाकांनीच शिकवलं. मी समोर होतो.

"गजाननराव, इंजिन सुरू झालं की लगेच लिफ्टचा आणि पंपाचा खटका टाकायचा नाही. गार इंजिनावर एकदम भार टाकला की पिस्टन तापून फुगतो, पण त्याच्या बाहेरची नळी, लायनर, अजून गारच असते. मग पिस्टनला जागा राहत नाही. या पाण्याच्या पाइपवर हात ठेवायचा. पाइप कोमट लागला की मग खटका. कोणी वरून कितीही ओरडो. अध्यक्ष ओरडोत."

"अन् तुमी ओरडले तं?" गजाननने विचारलं होतं. त्याला गंमत करायची हौस होती.

"मी ओरडत नसतो," ते म्हणाले.

गजाननने ते तंतोतंत पाळलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या संगणकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण पाइपवरचा हात काढला नाही. आणि मेच्या पहिल्या गुरुवारी, भर दुपारी, इंजिन सुरू होऊन थोड्याच वेळात कण्हलं आणि थांबलं. मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तेव्हा अध्यक्षांचं निदान तयार होतं आणि मिस्त्रीला फोन गेला होता.

तर तो रविवार. मिस्त्रीने शनिवारीच इंजिन खोललं होतं. चार पिस्टन बाहेर काढून ठेवले होते, आणि बेअरिंगा, ज्यांच्यावरून ऑइलचं खरंखोटं पहिल्याच नजरेत कळलं असतं, त्या त्याने शनिवारी घरी जाताना वाटेतच भंगारात देऊन टाकल्या होत्या. पिस्टनकाकांना हे कळलं तेव्हा ते नुसते "वा" म्हणाले. मग पिस्टन मांडून ठेवलेल्या पांढऱ्या चादरीकडे वळले आणि जागच्या जागी थांबले.

चादरीवर तीन पिस्टन चांदीच्या भांड्यांसारखे चमकत होते. चौथा काळाच होता.

"हे कोणी केलं?"

मंदा पुढे झाली. तिला वाटलं होतं शाबासकी मिळणार. "मी घासले जी. साहेब लोक पाहाले येनार म्हनून. विटेच्या भुकटीनं अन् तारेनं."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मिस्त्री म्हणाला, "संपलं. आता काय दिसणार यात? पुरावाच घासून काढला बाईनं." आणि अध्यक्ष माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलंत? नवऱ्यानेच सांगितलं असणार. करा सही."

गजाननचा चेहरा उतरला. मंदाला आता कळलं होतं, आपण काय केलंय ते. खाली बसायला आधार शोधत ती पंपाच्या कठड्याला टेकली.

पिस्टनकाकांनी तिन्ही पिस्टन उचलून पाहिले. चहूबाजूंनी विटेचे ओरखडे. खऱ्या खुणा कुठल्या आणि मंदाच्या कुठल्या, कोणी सांगू शकलं नसतं. ते खाली ठेवून त्यांनी मंदाला विचारलं, "चौथा का राहिला?"

मंदाने चौथ्याकडून तोंड फिरवलं.

"घाबरू नका. दमलात म्हणून?"

"नाही जी." ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "घ्याले गेली तं तो पाहून राहिला माह्याकडं. म्या फडकं टाकलं त्याच्यावर. तरी बी. मंग नाही लावला हात."

मिस्त्री हसला. मीही हसणार होतो. पण चौथ्या पिस्टनकडे नजर गेली आणि राहिली. अशा पिस्टनच्या डोक्यावर मधोमध वाटीसारखा खड्डा असतो, त्यात डिझेल जळतं, आणि बाजूला व्हॉल्व्हसाठी दोन उथळ खाचा. ते चारही पिस्टनांना होतं. उरलेल्या तिघांवर त्या नुसत्या खाचा होत्या. याच्यावर मात्र काजळी अशी पापुद्र्याने सुटली होती की उघडं तोंड आणि दोन डोळे, असंच दिसत होतं. ओळखीचा कोणी तरी हाक मारता मारता थांबलाय, असं.

पिस्टनकाका हसले नाहीत. त्यांनी तो उचलला, डोकं स्वतःच्या छातीकडे करून धरला आणि कडेने फिरवू लागले. मंदाने ज्याला हात लावला नव्हता त्याच्यावर सगळं शाबूत होतं.

"ऑइल होतं," ते म्हणाले.

"कशावरून?" मिस्त्री.

"या. बघा. ऑइल नसतं तर पिस्टन समोरासमोरच्या दोन बाजूंनी घासला असता. याच्या त्या दोन्ही बाजू स्वच्छ आहेत. घासलाय कुठे? ही पिन बसते त्या भोकाशेजारी. इथे दोन, पलीकडे दोन. चार जागी. हे गार इंजिनावर एकदम भार टाकल्याचं लक्षण. पिनेजवळ धातू जाड, तोच आधी फुगतो." मिस्त्रीने वाकून बघितलं. तो वाद घालायच्या तयारीने वाकला होता, पण सरळ होऊन बाजूला सरकला.

"म्हणजे खटका लवकर टाकला," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे गजाननच."

"आता माणसाची पाळी," पिस्टनकाका म्हणाले. "गजाननराव, पाइपवर हात ठेवला होतात?"

"ठेवला होता जी. गार होता."

"तरी खटका टाकलात?"

गजाननने मान डोलावली.

"कोणी सांगितलं?"

"राहू द्या ना जी."

"अहो, तुमची खोली जातेय. नाव घ्या."

"तुमी," गजानन म्हणाला.

अध्यक्ष हसायला लागले. पिस्टनकाका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "मी कुठे होतो?"

"लिफ्टीत. लाइट गेली तवा तुमी वर जाऊन राहिले होते. दुसऱ्या मजल्यापाशी अडकले. तुमाले काही याद नाही का जी?"

"लिफ्टमध्ये होतो, ते आठवतं. दार उघडल्याचं आठवतं." ते थांबले. "मधलं नाही. मी ओरडलो?"

"लय. दार बडवलं. मले वाटलं तुमाले काही झालं. म्हनून टाकला खटका."

"काय म्हणालो? शब्द सांगा."

गजाननने आधी मंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी म्हनलं, लवकर लाव रे गजानन, इथं मोजून राहिले. असंच म्हनलं, मले अरे केलं. इथं मोजून राहिले, माह्यापर्यंत आले. कोन मोजून राहिलं, ते मले नाही समजलं."

अध्यक्षांचं हसू थांबलं, पण त्यांना अर्थ लागला नव्हता. शनिवारची मोजणी त्यांच्या छतावर होत नसे. माझ्या छतावर होत होती. मेच्या उन्हात, पार्किंगमध्ये, माझ्या दोन्ही हातांवर काटा उभा राहिला. पिस्टनकाकांनी पिस्टन छातीशी धरला होता, तो तसाच होता. त्यांच्या शर्टावर काजळीचा गोल उमटत होता.

"लिहा," ते मला म्हणाले. "कारण: गार इंजिनावर पूर्ण भार. जबाबदार: माझं नाव."

"अहो, आपण आपलेच माणूस," अध्यक्ष म्हणाले. "आपल्याकडून कशाला घ्यायचे? त्याच्या पगारातून थोडे थोडे कापू."

"मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाने शिक्के मारले. तेव्हा कोणी म्हणालं नाही, आपलेच आहेत." मग माझ्याकडे बघून, "लिहिताय ना?"

मी लिहिलं. अध्यक्षांचा ठराव घडी घालून त्यांच्याच खिशात परत गेला. गजानन त्या खोलीत राहिला, त्याचं पहिलं मूल तिथेच रांगलं, आणि मी वारजं सोडलं तेव्हाही जनरेटर तोच चालवत होता, पाइपवर हात ठेवून.

त्यानंतर पिस्टनकाका लिफ्टमध्ये पाऊल टाकताना मला कधी दिसले नाहीत. शनिवारची मोजणी बंद झाली. त्यांच्याकडे पुन्हा पावती द्यायला गेलो तेव्हा शोकेसमधले सगळे पिस्टन वळवलेले होते. डोकी हॉलकडे, उघडी तोंडं सगळी एकाच बाजूला, त्यांच्या खुर्चीकडे. मधोमध आमचा चौथा. आणि ते त्यांच्यासमोर पेपर वाचत बसले होते.

"आता बघू देता त्यांना?" मी विचारलं.

"बघणं चांगलं," ते म्हणाले. "बघत असतात तोवर मोजत नाहीत."

मी पावती ठेवली आणि जरा घाईनेच खाली आलो.

आता हिशेब पुरा करतो. अठरा हजार चारशे रुपये त्यांनी त्याच रविवारी सोसायटीला चेकने दिले, आणि सोसायटीने काम झाल्यावर तेवढेच मिस्त्रीला. ही रक्कम वहीत आहे. दुसरी वहीत नाही, कारण ती सोसायटीची नव्हती. सगळे पांगल्यावर त्यांनी खिशातून दहाच्या तीन नोटा काढल्या आणि मंदापुढे धरल्या.

"घासणावळ. तीन पिस्टन, दर दहा."

"नको जी. माह्यामुळंच तं घोळ झाला."

"घोळ झाला तो वेगळा. घासले छान आहेत."

तिने नोटा घेतल्या आणि त्यांच्या छातीशी असलेल्या चौथ्याकडे न बघता म्हणाली, "तो तेवढा खाली नका ठेवू जी. तुमीच घेऊन जा वर."

"नेतो," ते म्हणाले, आणि त्याला दोन्ही हातांत धरून जिन्याने वर गेले. त्यांच्याकडून मंदाला मिळाले ते तीस रुपये. चौथ्याचं तिने काही मागितलं नाही.